चौदावा दगड

काका गेल्याचा फोन मंगळवारी सकाळी आला. मी फोन ठेवला, डबा भरला आणि नेहमीच्या ट्रेनने लायब्ररीत कामाला गेले. कुणाला काही सांगितलं नाही. दिवसभर परत आलेली पुस्तकं जागेवर लावली. बुधवारी मात्र रजा घेतली आणि दिवसभर गोड काही तोंडात घातलं नाही. हा उलटा क्रम माझा नाही, त्यांचा आहे. तो समजायचा तर त्यांच्या निबंधकारांपासून सुरुवात करायला हवी.

निबंधकार म्हणजे एकोणिसाव्या शतकातले एक अमेरिकन गृहस्थ. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसं काका त्यांचं नाव घेत नसत, म्हणून मीही घेत नाही. काकांनी सांगलीकडच्या एका तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली बरीचशी या एका माणसात घालवली. पण निबंधकारांचं एकही वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. वाक्यं लोकांनी चहाच्या मगांवर छापून संपवली, असं त्यांचं म्हणणं. आता उरलाय तो फक्त माणूस. कधी जन्मला, घरातलं कोण कधी गेलं, काय सोडलं, मित्र कोण होते. तेवढं नीट बघितलं तरी पुष्कळ.

ते बघण्याची त्यांची पद्धत साधी होती. निवृत्तीनंतर ते न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये येऊन राहिले होते. सांगलीहून बहीण दरवर्षी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर पाठवायची. त्यात एकादशी आणि चतुर्थीच्या शेजारी काका पेन्सिलीने निबंधकारांचे आणि त्यांच्या मित्रमंडळींचे दिवस मांडायचे. जन्मदिवसाला शिरा. मृत्यूच्या दिवशी गोड बंद. आणि प्रत्येक दिवस मूळ तारखेच्या दुसऱ्या दिवशी, कारण न्यूझीलंडमध्ये तारीख आधी उजाडते. "आपल्याकडे सत्तावीस तारीख लागली म्हणून काय झालं? तिकडे माणूस अजून जिवंत आहे," असं ते शांतपणे सांगायचे. एकदा त्यांचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाहून, फ्लॅट बुशच्या त्याच्या घरून, श्रीखंड घेऊन आला. काकांनी डबा उघडलाही नाही, सुतक आहे म्हणाले. मुलगा घाबरून सांगलीला फोन लावायला निघाला. निबंधकारांच्या पहिल्या बायकोचं सुतक आहे हे कळल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ. तू इथे राहतेस, मला वाईट वाटतं तुझ्यासाठी."

मी त्यांच्या मागच्या अंगणातल्या स्लीपआउटमध्ये राहायचे. स्लीपआउट म्हणजे घरापासून सुटी असलेली एक लाकडी खोली. मी ऑकलंडला शिकायला आले तेव्हा अवोन्डेल या उपनगरातल्या एका किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावलेली होती: मागे एक खोली आहे, वाचणाऱ्यास प्राधान्य. चिठ्ठी मराठीत होती, त्यामुळे अवोन्डेलमधले जवळजवळ सगळे वाचणारे आधीच बाद झाले होते. मी गेले तर त्यांनी ना कोर्स विचारला ना गाव. चालता येतं का, एवढं विचारलं, आणि फाटकापासून खोलीपर्यंत मला चालवत नेलं.

त्या वाटेवर चौदा दगड होते. दगड म्हणजे लोकांनी रस्त्याकडेला टाकून दिलेल्या फरश्या, सिमेंटच्या लाद्या, एक तर फुटक्या पायरीचा तुकडा. काकांनी ते एकेक करून हातगाडीवरून आणले होते आणि पावलाच्या अंतराने पुरले होते. पहिला फाटकाशी, तो जन्म. दुसरा टपालपेटीजवळ, तिथे वडील जातात. तिसऱ्यावर पहिली बायको. चौथ्यावर चर्चमधली धर्मोपदेशकाची नोकरी सोडली. पाचव्यावर बोटीने युरोपला, सहाव्यावर परतून एका खेड्यात घर. सातव्यावर पाच वर्षांचा मुलगा गेला. आठव्यावर एका तरुण मित्राने निबंधकारांच्या जमिनीवर, तळ्याकाठी, स्वतःच्या हाताने झोपडी बांधली. असं करत करत तेराव्यावर म्हातारपणी घर जळालं आणि चौदाव्यावर ते स्वतः गेले. चौदावा माझ्या दारात होता. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं, असा नियम होता. एकाही दगडावर काही लिहिलेलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "लिहिलं की माणूस उभा राहून वाचतो. चालत नाही."

पहिल्या आठवड्यातच मला त्यांची भाषा समजायला लागली. रविवारच्या बाजारातून मेथी आणि तारोचे, म्हणजे अळूचे, कांदे घेऊन येताना मागून आवाज यायचा, "बायकोपाशी जपून. शेवाळ आहे." शेजारच्या टोंगन गृहस्थांनी हे ऐकून ऐकून एकदा मला त्याचा अर्थ विचारला, आणि मग हळूच विचारलं, की याची बायको नक्की कुठे पुरली आहे.

तिसऱ्या दगडावर फिजोआच्या, पेरूसारख्या फळाच्या, झाडाची सावली असायची, म्हणून शेवाळ. तिथे काका पायातल्या जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, काढायचे, अनवाणी पाऊल ठेवायचे आणि पुढे जाऊन परत घालायचे. मला वाटायचं घसरायला नको म्हणून. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या मुलाकडून कळलं, की काकू त्याच घरात, त्या झाडासमोरच्या खोलीत वारल्या होत्या. मुलाने फ्लॅट बुशला मोठं घर घेतलं ते त्यानंतर. काकांसाठी खाली वेगळी खोली आणि वेगळं बाथरूम बांधून घेतलं होतं. मी यायच्या आधी दोन वर्षांपासून काका तिकडे जायचं टाळत होते. त्यांना अवोन्डेलच्या त्या घरातून हलायचं नव्हतं. दुसरं त्यांनी आयुष्यात काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

मला ते पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत अहो-जाहो करत. मी त्यांच्या नातीपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनीच मोठी. पण विद्यार्थ्यांनाही ते अहो-जाहोच करत आले होते, आणि त्यांच्या वह्यांच्या समासात लाल शाईने एकच शेरा लिहीत: अपुरं. चूक असा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. चूक फार थोड्या गोष्टी असतात, बाकी सगळं अपुरं असतं, असं त्यांचं मत. माझा चहा अपुरा असायचा. माझा प्रबंध वाचून त्यांनी तो तीनदा अपुरा ठरवला. आमच्या पंतप्रधानांचं टीव्हीवरचं भाषणही अपुरं असायचं.

माझी खोली म्हणजे काकांच्या लेखी तळ्याकाठची ती झोपडी, आणि झोपडीत राहणाऱ्याला काही कामं असतात हे मला पहिल्या हिवाळ्यात समजलं. निबंधकारांची एक विदुषी मैत्रीण परदेशातून परत येताना किनारा दिसत असताना जहाज फुटून बुडाली. तिच्या पुस्तकाचं हस्तलिखित बरोबर होतं. निबंधकारांनी झोपडीतल्या मित्राला किनाऱ्यावर शोधायला पाठवलं. तो नववा दगड. "तेव्हा हे काम तुमचं," काका मला म्हणाले, आणि आम्ही माझ्या जुन्या गाडीतून पश्चिमेच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर गेलो. तिकडे भर उन्हाळ्यात घडलेली गोष्ट आम्ही इकडे कडाक्याच्या थंडीत पाळत होतो. काका थर्मास घेऊन गाडीत बसले. मी वाळूतून चालत राहिले, कारण ते काचेतून बघत होते.

कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाने किया ओरा असा माओरीतून नमस्कार करून विचारलं, काही हरवलंय का. मला खोटं सुचलं नाही. मी सांगितलं, एक हस्तलिखित. किती वेळ झाला, त्याने विचारलं. मी म्हटलं, पावणेदोनशे वर्षांच्या आसपास. तो इथल्या बोलीत, हरकत नाही अशा अर्थाने, स्वीट अ‍ॅज म्हणाला आणि खरोखरच माझ्याबरोबर खडकांपर्यंत शोधत आला. एका पायातली निळी जॅन्डल सापडली. मी ती काकांना नेऊन दिली तेव्हा वाटलं होतं, अपुरं म्हणतील. ते म्हणाले, "पुरे झालं. त्यालाही फार काही मिळालं नव्हतं." ती जॅन्डल पुढे कितीतरी दिवस त्यांच्या पुस्तकांच्या कपाटावर होती.

मी तिथे पाच वर्षं राहिले. नोकरी लागली तरी खोली सोडली नाही. आता आठवताना कुठलं आधी आणि कुठलं नंतर याचा गोंधळ होतो, पण एक सकाळ स्वच्छ आठवते. शनिवार होता. फिजोआ पडून वाटभर वास सुटला होता. काका सातव्या दगडावर उभे होते, आणि बराच वेळ उभेच होते. मी खोलीतून बाहेर आले. त्यांनी खाली बोट दाखवून विचारलं, "हा कोणता?"

मला वाटलं परीक्षा घेताहेत. मी म्हटलं, "मुलगा. पाच वर्षांचा."

"गेला?"

"हो काका. तापाने."

ते तिथेच, दगडाच्या कडेला, ओल्या गवतात बसले. त्यांना ही बातमी आत्ता कळली होती. "अरेरे," एवढंच म्हणाले. मी चहा करून आणला, तो त्यांनी घेतला. अर्ध्या तासाने सगळं जागेवर आलं आणि त्यांनाही कळलं, की मघाशी काय झालं. कप माझ्या हातात देत ते म्हणाले, "मुलाला सांगू नका. तो मला नेईल."

मी कबूल केलं. आणि पुढचे सात-आठ महिने ते पाळलं. मुलाचा दर आठवड्याला फोन यायचा, कसे आहेत, जेवतात का. मी म्हणायचे, आहेत, जेवतात. खोटं नव्हतं.

मग एका दुपारी स्वयंपाकघराला आग लागली. काकांनी लोणी कढवायला ठेवलं आणि ते वाटेवर येऊन उभे राहिले. मी त्या दिवशी घरी होते. धूर बघून धावले तोवर पडदा पेटला होता. शेजारचे टोंगन गृहस्थ बागेची नळी घेऊन कुंपणावरून आले, मागोमाग अग्निशमन दलाची गाडी. ओटा आणि एक भिंत काळी पडली, बाकी काही झालं नाही. काका या काळात फेऱ्या मारून पुस्तकं बाहेर आणत होते, कारण निबंधकारांच्या घराला आग लागली तेव्हा गावातल्या लोकांनी पुस्तकं आधी बाहेर काढली होती. भलेमोठे बूट घातलेला एक जवान घराच्या मागच्या बाजूने येत होता. काकांनी त्याला ओरडून सांगितलं, त्या शेवटच्या दगडावर पाय देऊ नका. त्याने काही न विचारता उडी मारली. त्या गणवेशात ती उडी मी विसरणार नाही.

लोणी गॅसवर कुणी ठेवलं, असं विचारल्यावर काका म्हणाले, "कुणीतरी ठेवलं असेल."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं. सातव्या दगडाचंसुद्धा. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, की आठ महिने, अगं. मग म्हणाला, "ते माझं ऐकणार नाहीत. तू समजाव. प्लीज."

कसं समजवायचं हे मला माहीत होतं. माझ्याइतकं ते दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि हेच मला पुढे टोचत राहिलं. घर जळाल्यावर निबंधकारांच्या मित्रांनी त्यांना बोटीने दूरच्या प्रवासाला पाठवून दिलं. ते नाही तोवर गावाने घर पहिल्यासारखं बांधून काढलं. ते परत आले तेव्हा शाळेतली मुलं स्टेशनवर जमली आणि वाजतगाजत त्यांना घरी घेऊन गेली. तेराव्या दगडाचा हा दुसरा अर्धा भाग काकांचा सगळ्यात आवडता होता. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "काका, घर बांधून होईपर्यंत निबंधकार प्रवासाला गेले होते ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून कपाटातून बॅग काढली.

फ्लॅट बुशला जाताना ते गाडीत मोटरवेकडे बघत बसले होते. तीन महिन्यांनी अवोन्डेलचं घर विकलं गेलं आणि पाडलं गेलं. तिथे एकमेकांना चिकटून सात टाउनहाउस उभी राहणार होती. पाडायच्या आधीच्या रविवारी मी आणि शेजारच्या टोंगन गृहस्थांनी चौदा दगड पहारीने काढले आणि त्यांच्या गॅरेजमध्ये रचले. ओल जाऊ नये म्हणून त्यांनी वर पोतं टाकलं. बायको यात कुठली, हे त्यांनी विचारलं तेव्हा मी दाखवली, आणि ती त्यांनी सगळ्यात वर ठेवली.

मी जवळच एक लहान घर भाड्याने घेतलं आणि दर रविवारी फ्लॅट बुशला जाऊ लागले. गेल्याबरोबर काका विचारायचे, "बांधून झालं का?" मी सांगायचे, पाया झाला. पुढच्या रविवारी, भिंतींचा सांगाडा उभा राहिला. मग, छप्पर आलं. मी रोज ट्रेनला जाताना त्या टाउनहाउसपाशी थांबून बघायचे आणि जे दिसायचं तेच सांगायचे. काका समाधानाने मान हलवायचे. त्यांना वेगळी खोली होती, समोर हिरवळ होती, सून वेळेवर औषधं द्यायची. एकदा ते म्हणाले, इथे बोटीवर सोय चांगली आहे.

खिडक्या बसल्या त्या रविवारी मला पुढचं काही सुचेना. आता दारं, मग रंग, मग काय? परतताना मी मुलाला म्हटलं, ते दगड इकडे लावू या. त्याच्या फाटकापासून मागच्या दारापर्यंत काँक्रीटचा ड्राइव्हवे होता. तो म्हणाला, हिरवळीतून लावू. आम्ही दोघांनी दोन शनिवार खणलं. तेरा दगड लावले. चौदावा मी माझ्या घरी ठेवला होता. आणायचा राहिला असं मुलाला सांगितलं.

त्याची मुलगी दहा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिने निबंधकारांच्या घराची गोष्ट आजोबांकडून ऐकली होती. तिने आपणहून शाळेतल्या चार मैत्रिणी गोळा केल्या, एकीकडे छोट्या गिटारसारखी युकुलेली होती. पाचही जणी काकांच्या खोलीत गेल्या आणि तिने जाहीर केलं, "आजोबा, द हाउस इज रेडी."

काका कोट घालून आले. फाटकाशी पहिला दगड बघून थबकले, मग चालायला लागले. मुली पुढे, ते मागे, शेजारून मी. टपालपेटी नव्हती तरी दुसऱ्यावर त्यांनी मान वाकवली. तिसऱ्यावर जॅन्डल्स काढल्या. शेवाळ आता वाळून गेलं होतं. सातव्यावर मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, पण ते न थांबता पुढे गेले. तेराव्यावर मात्र उभे राहिले. समोर मुलाचं मोठं दुमजली घर होतं. ते त्यांनी नीट बघून घेतलं.

"हे ते घर नाही," ते म्हणाले.

"नाही."

"ते पाडलं?"

"हो काका."

"कधी?"

"तुम्ही इकडे आल्यावर. तीन महिन्यांनी."

मुलींची युकुलेली चालूच होती. काकांनी विचारलं, "मग दर रविवारी तुम्ही कुठलं घर बांधत होता?"

मी सांगितलं. त्या जागी सात टाउनहाउस होताहेत. पाया, सांगाडा, छप्पर, खिडक्या, सगळं त्यांचं. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवत नव्हतं. चूक हा जो शब्द ते कधी लिहीत नसत, तो लिहावा असंच मी केलं होतं, असं मला वाटत होतं.

"म्हणजे खोटं नव्हतं," ते म्हणाले. "अपुरं होतं."

एवढं बोलून त्यांनी दाराकडे बघितलं. दारासमोर नुसती माती होती. "चौदावा कुठाय?"

"माझ्याकडे आहे."

"असू दे. घाई नाही."

आणि ती जागा लांब पाऊल टाकून ओलांडून ते आत गेले.

इथेच हे संपलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "बांधून झालं का?"

दारं बसली, असं सांगता आलं असतं. खरंच बसली होती. मी मात्र पुन्हा सगळं सांगितलं, पाडल्यापासून. त्यांनी ऐकून घेतलं, तोच प्रश्न विचारला, की मग तुम्ही कुठलं घर बांधत होता, आणि तेच उत्तर दिलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. दर वेळी त्यांना घर नव्याने गमवावं लागे आणि दर वेळी ते मला नव्याने सोडून देत. मुलगा म्हणायचा, कशाला सांगतेस, छप्पर आलं म्हण आणि मोकळी हो. कदाचित त्याचंच बरोबर होतं. एकदा, शेवटच्या हिवाळ्यात, सगळं ऐकून ते काहीच बोलले नाहीत. भिंतीकडे बघत बसले. तो रविवार माझ्या मनातून जात नाही, आणि त्याच्यावर काय शेरा लिहायचा हे मला अजून समजलेलं नाही.

मंगळवारी सकाळी फोन मुलाचाच होता. झोपेतच गेले, त्याने सांगितलं. मग त्याने विचारलं, "तो दगड आणशील का आता?"

मी म्हटलं, उद्या आणते. का, हे त्याने विचारलं नाही. श्रीखंडाच्या दिवसापासून त्यालाही नियम माहीत होता.

बुधवारी काकांच्या जुन्या शेजारच्या टोंगन गृहस्थांनी दगड माझ्या गाडीत चढवायला मदत केली. फ्लॅट बुशला नातीने खड्डा तयार ठेवला होता. तिने हाताने माती सारखी केली, कडेने दाबली, वर पाण्याचा तांब्या ओतला. दगड थोडा तिरका बसला होता. तो कोणता, हे तिने मला विचारलं. मी म्हटलं, "आजोबांचा."

मग आत चहा झाला होता म्हणून आम्ही हात धुऊन निघालो. आधी नात, तिच्यामागे तिचे बाबा, शेवटी मी. तिघांनीही लांब पाऊल टाकलं.